वडिलांच्या हालचाली आणि विचार दोन्ही मंदावले आहेत. हे वय म्हणावे की आजार?

खाडीकाठ (ठाणे, मूळ गाव देवगड तालुका)

नमस्कार. माझे वडील ७६ वर्षांचे आहेत. ते आणि आई असे दोघेच गावच्या घरी राहतात. मी नोकरीनिमित्त ठाण्यात असतो आणि गणपती, शिमगा, मे महिना धरून वर्षातून तीन-चार वेळा माझे जाणे होते. वडील प्राथमिक शाळेत शिक्षक होते. निवृत्तीनंतर हापूसची चाळीस कलमे त्यांनी स्वतः राखली आणि गावच्या भजनात मृदंग वाजवला.

यंदा गणपतीत आरतीच्या वेळी त्यांचा हात मागे पडू लागला आणि चुलत भावाने काही न बोलता मृदंग स्वतःकडे ओढून घेतला, तेव्हा ही गोष्ट माझ्या पहिल्यांदा लक्षात आली. त्यानंतर मी मुद्दाम आठवडाभर जास्त राहिलो. सदऱ्याची बटणे लावायला त्यांना दहा मिनिटे लागतात. विहिरीपासून पडवीपर्यंत येताना पाय उचलण्याऐवजी ते सरकवत येतात. काही विचारले तर उत्तर इतक्या उशिरा येते की तोपर्यंत आई दुसराच प्रश्न विचारून मोकळी झालेली असते. मात्र उत्तर बहुतेक वेळा बरोबर असते. गेल्या हंगामात कोणाला किती पेट्या दिल्या आणि कोणाकडून किती येणे आहे, हे त्यांनी मला वही न उघडता सांगितले, फक्त पूर्वी जे पाच मिनिटांत झाले असते त्याला अर्धा तास लागला. मी फार विचारू लागलो तेव्हा ते म्हणाले, ‘उत्तर मला ठाऊक असते, ते ओठांपर्यंत यायला वेळ लागतो.’

शेजारपाजारचे म्हणतात, ‘वय झाला, आता असाच चालायचा.’ हे मला पटत नाही, कारण दीड वर्षापूर्वी हाच माणूस शिडी लावून आंबे उतरवत होता. रक्तदाबाची गोळी बारा वर्षांपासून चालू आहे, शिवाय पित्ताच्या आणि चक्करेच्या गोळ्या ते अधूनमधून घेतात. मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवायचे तर कोल्हापूर किंवा गोव्याला जावे लागेल. तेवढा प्रवास करण्याआधी घरी काय पाहावे आणि जवळच्या डॉक्टरांना नेमके काय सांगावे, याबद्दल अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

सुरंगी (वेंगुर्ले)

आपला प्रश्न वाचताना माझ्या सासूबाईंची आठवण झाली, म्हणून सविस्तर लिहिते. त्या ७१ वर्षांच्या असताना एका पावसाळ्यात अशाच मंदावल्या. विळीवर नारळ खवायला त्यांना तासभर लागू लागला. आवाज घोगरा झाला, उकाड्यातही त्या चादर ओढून बसत आणि तीन-तीन दिवस पोट साफ होत नसे. आम्ही प्रत्येक गोष्टीला वेगळे कारण शोधले. आवाजाला सर्दी, थंडीला पाऊस आणि संथपणाला वय. हे सगळे एकाच माणसाला एकाच वेळी का होत आहे, असा प्रश्न घरात कोणालाच पडला नाही. शेवटी पायावरची सूज दाखवायला त्यांना नेले असता डॉक्टरांनी थायरॉइडची तपासणी करायला सांगितली आणि त्यांची थायरॉइड ग्रंथी फारच कमी काम करत असल्याचे कळले. वय पाहून त्यांनी गोळी अगदी लहान मात्रेपासून सुरू केली आणि ती सकाळी उपाशीपोटी, चहाच्या आधी घ्यायला सांगितली. फरक दिसायला दोन महिने लागले आणि त्या पूर्ववत व्हायला त्याहून बराच अधिक काळ गेला.

आणखी एक गोष्ट मी मनापासून सांगते, कारण ती चूक मी स्वतः केली आहे. त्यांना वेळ लागतो म्हणून मी त्यांच्या हातातली कामे एकेक करून काढून घेतली. आधी विळी, मग तांदूळ निवडणे, मग तुळशीला पाणी घालणे. हे मी प्रेमानेच केले, पण कामे गेल्यावर त्यांनी खोलीबाहेर येणेही कमी केले आणि त्या आणखी मंदावल्या. आपल्या वडिलांचा मृदंग त्यांच्याकडे परत द्यावा. आरतीला नसला तरी दुपारी घरी वाजवायला द्यावा.

वाशिष्ठी (चिपळूण)

मी ग्रामीण भागात तीस वर्षे वैद्यकीय सेवा करून निवृत्त झालो आहे. रुग्णाला न तपासता निदान करणे योग्य नाही, त्यामुळे विचार कोणत्या दिशेने करावा, एवढेच लिहितो.

वयाने येणारा संथपणा खरा असतो, हे आधी मान्य करू. मेंदूचा माहिती हाताळण्याचा वेग तरुणपणापासूनच हळूहळू उतरत असतो, मज्जातंतूंमधून संदेश जाण्याचा वेग थोडा घटतो आणि स्नायूंमधले चपळ हालचाली करणारे तंतू आधी झिजतात. शब्दसंग्रह आणि आयुष्यभराचे ज्ञान मात्र बराच काळ टिकते. पण हा उतार वर्षानुवर्षे चालतो, इतका सावकाश की त्याची सुरुवात कधी झाली हे घरच्यांना सांगता येत नाही. ज्या संथपणाची सुरुवात ‘गेल्या दिवाळीपासून’ किंवा ‘दीड वर्षापासून’ अशी सांगता येते, तो वयावर घालून मोकळे होता येत नाही. आणि जो चार दिवसांत आला, तो तर तातडीने दाखवण्याचा प्रकार आहे. लघवीचा किंवा छातीचा जंतुसंसर्ग, रक्तातील सोडियम उतरणे, किंवा काही आठवड्यांपूर्वी डोक्याला लागलेल्या किरकोळ माराने कवटीच्या आत सावकाश साचलेले रक्त, ही कारणे वृद्धांमध्ये ताप किंवा वेदना न दाखवता निव्वळ सुस्ती दाखवू शकतात. एका क्षणी तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला किंवा बोलणे अडखळले, तर मात्र काहीही विचार करत न बसता १०८ ला फोन करावा. पक्षाघातात रक्ताची गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते, आणि आपल्याकडे त्यातला मोठा भाग घाटरस्त्यातच खर्च होतो.

आपल्या वडिलांच्या बाबतीत मला सर्वांत आधी त्यांचा गोळ्यांचा डबा पाहायचा आहे. चक्करेसाठी दिली जाणारी सिनारिझिन आणि प्रोक्लोरपेराझिन, उलटीसाठी मेटोक्लोप्रामाइड, आणि पित्ताच्या अनेक संयुक्त कॅप्सूलमध्ये असणारे लेव्होसल्पिराइड, ही औषधे मेंदूतील डोपामिन या हालचाली सुरळीत ठेवणाऱ्या रसायनाच्या कामात अडथळा आणतात. चार दिवसांसाठी दिलेली अशी गोळी दुकानातून पुन्हा पुन्हा आणून महिनोन्‌महिने घेतली, तर वृद्ध माणसात हुबेहूब पार्किन्सनसारखे, म्हणजे कंपवातासारखे, चित्र उभे राहते. चेहरा निर्विकार होतो, पाऊल लहान पडते, हात आखडतात आणि विचारही जड होतो. औषध थांबवल्यावर बहुतेकांना काही आठवड्यांपासून काही महिन्यांत उतार पडतो. रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढवणारा घटक असेल, विशेषतः हायड्रोक्लोरोथायाझाइड, क्लोरथॅलिडोन किंवा इंडापामाइड, तर सोडियम तपासलेच पाहिजे. ते साधारण १३५ ते १४५ असावे. झोपेची गोळी चालू असेल तर तीही लिहून घ्यावी. कोणतीही गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये. वेष्टनांसह सगळा डबाच डॉक्टरांसमोर ठेवावा.

तपासण्यांमध्ये हिमोग्लोबिन, साखर, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन, सोडियम, थायरॉइडसाठी टीएसएच आणि जीवनसत्त्व बी १२ एवढ्या तरी व्हाव्यात. शाकाहारी मंडळींमध्ये आणि मधुमेहासाठी अनेक वर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्यांमध्ये बी १२ कमी सापडते. त्याने तळपाय बधिर होतात, अंधारात तोल जातो आणि मनही मंदावते. हे सर्व तालुक्याच्या ठिकाणी होण्यासारखे आहे, त्यासाठी कोल्हापूर गाठण्याची गरज नाही.

आता एक प्रश्न विचारतो, आणि त्याचे उत्तर आठवून द्यावे. आरतीत वडिलांचा मृदंग मागे पडत होता म्हणालात. पण ठेका नुसता उशिरा पडत होता, की आवाजही थापेगणिक बारीक होत गेला? पार्किन्सनच्या संथपणाची खूण अशी की एकच हालचाल पुन्हा पुन्हा केली की ती लहान होत जाते. अक्षरही ओळीच्या शेवटाकडे बारीक होत जाते. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये या आजाराचे वर्णन केले तेव्हापासून त्याला कंपवाताच्या नावाने ओळखले जाते, पण कित्येक रुग्णांमध्ये कंप नसतोच आणि त्यामुळेच निदान लांबते. वास न येणे, बद्धकोष्ठता, झोपेत ओरडणे किंवा हातपाय झाडणे, या गोष्टी आधी काही वर्षे असू शकतात. त्याबद्दल आईंना विचारा. रात्री त्या शेजारी असतात, त्यांनाच ते माहीत असेल.

खाडीकाठ

डॉक्टरसाहेब, आपला प्रश्न वाचून मी गणपतीतले चित्रीकरण पुन्हा पाहिले. ‘सुखकर्ता’ला आवाज खणखणीत आहे. ‘दुर्गे दुर्घट’ येईपर्यंत थाप जवळजवळ ऐकू येत नाही, आणि भावाने मृदंग घेतला तो त्यानंतर. ठेका चुकलेला नाही, आवाज विरत गेला आहे. आम्ही सगळे तिथे टाळ्या वाजवत उभे होतो आणि कोणालाच ते कळले नाही, याचे फार वाईट वाटते.

आईला फोन केला. वास येत नाही अशी तक्रार नाही, उलट बांगडा भाजायला घेतला की खळ्यातूनच त्यांना कळते. झोपेत ओरडत नाहीत. डब्यात लेव्होसल्पिराइड असलेली पित्ताची कॅप्सूल आणि सिनारिझिन असलेली चक्करेची गोळी, दोन्ही सापडल्या. ‘अधूनमधून’ हा माझा समज होता. आई म्हणते, गेले सव्वा वर्ष दोन्ही रोज चालू आहेत, संपल्या की रिकामे पाकीट दाखवून दुकानातून आणल्या जातात.

कलमबाग (राजापूर)

आमच्या वाडीत एका वृद्ध गृहस्थांना खाजकुयलीच्या बियांच्या चूर्णाने असाच गुण आल्याचे पाहिले आहे. रानात वेल भरपूर आहे. वडिलांना देऊन पाहण्यास हरकत नसावी.

वाशिष्ठी

हरकत आहे, आणि ती कोणत्याही शास्त्राच्या अनादरातून नाही. खाजकुयलीच्या बियांमध्ये लेव्होडोपा खरोखरच असते आणि पार्किन्सनवर दिले जाणारे मुख्य औषधही तेच आहे, त्यामुळे आपल्या वाडीतील गृहस्थांना गुण आला असेल यावर माझा विश्वास आहे. परंतु रानातल्या बीमध्ये ते किती आहे हे मोजलेले नसते. उभे राहताच रक्तदाब उतरणे, मळमळ आणि भास होणे हे त्याचे परिणाम ७६ वर्षांच्या माणसाला पाडू शकतात. शिवाय निदान होण्याआधीच ते पोटात गेले, तर तपासणाऱ्या डॉक्टरांना मूळ चित्र दिसणार नाही. घ्यायचेच असेल तर शिकलेल्या वैद्यांच्या देखरेखीखाली आणि दुसऱ्या डॉक्टरांना सांगून घ्यावे, आणि तेही निदानानंतर.

खाडीकाठ, आपण दिलेली माहिती मोलाची आहे. औषधामुळे आलेला संथपणा बहुधा दोन्ही बाजूंना सारखा असतो, मूळ पार्किन्सन बहुधा एका बाजूने सुरू होतो. चित्रीकरणात दोन्ही हात सारखेच थकत आहेत का, तेही पाहा. मात्र एक सावधगिरी बाळगावी. काही जणांमध्ये आजार आत दडलेला असतो आणि औषध त्याला फक्त लवकर उघडे करते, अशा वेळी गोळ्या थांबवूनही पूर्ण उतार पडत नाही. म्हणून कारण सापडले असे समजून तज्ज्ञांची भेट रद्द करू नये. पाय जमिनीला चिकटल्यासारखे वाटणे, लघवी आवरता न येणे आणि विचार मंदावणे हे तिन्ही एकत्र आले, तर मेंदूच्या पोकळ्यांत पाणी साचल्याची शक्यता असते. सालोमोन हाकिम यांनी १९६५ मध्ये वर्णन केलेला हा विकार शस्त्रक्रियेने सुधारू शकतो. त्यासाठी मेंदूचे स्कॅन लागते, आणि ते कधी करायचे हे तज्ज्ञ ठरवतील.

पाखाडी (रत्नागिरी)

मी फिजिओथेरपिस्ट आहे. औषधांबद्दल डॉक्टरांनी लिहिले आहेच, मी चालण्याबद्दल लिहिते.

तज्ज्ञांकडे जाण्यापूर्वी एक मोजमाप घरी करून घ्यावे. पडवीत चार मीटरच्या अंतरावर खडूने दोन रेघा माराव्यात. वडिलांना पहिल्या रेघेच्या दोन पावले मागून नेहमीच्या चालीने चालायला सांगावे आणि दोन रेघांमधला वेळ मोबाइलवर मोजावा. पाच सेकंदांपेक्षा जास्त लागले तर वेग सेकंदाला ०.८ मीटरपेक्षा कमी आहे, आणि तो लक्ष देण्याजोगा संथ समजला जातो. २०११ मध्ये ३४,००० हून अधिक वृद्धांच्या एकत्रित नोंदींवरून असे दाखवण्यात आले की चालण्याचा वेग आयुर्मानाचाही अंदाज देतो. २०१३ मध्ये जो वर्गीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संथ चाल आणि विसरण्याची तक्रार ही जोडी एकत्र असलेल्यांना पुढे स्मृतिभ्रंशाचा धोका अधिक असल्याचे मांडले. याचा अर्थ चाल ही केवळ पायांची गोष्ट नाही, मेंदूचे आरोग्यही तिच्यात दिसते. त्याच वेळी आणखी एक पाहावे. चालताना त्यांना साधा प्रश्न विचारावा. उत्तर द्यायला ते थांबतात का? चालणे आणि बोलणे एकत्र जमत नसेल तर पडण्याचा धोका वाढलेला असतो. तोवर घरातल्या सर्वांनी त्यांच्याशी चालताना न बोलता ते बसल्यावर बोलावे.

पडण्याबद्दल मला कळकळीने सांगावेसे वाटते, कारण आपल्या भागातले घर आणि आवार संथ माणसासाठी अवघड असते. जांभ्याच्या पायऱ्या एकसारख्या उंचीच्या नसतात आणि आषाढापासून त्यांवर शेवाळ धरते. ओटी, माजघर आणि न्हाणीघर यांच्या पातळ्या वेगळ्या असतात. उंबरठे उंच असतात. न्हाणीघर आणि विहीर घरापासून लांब असेल तर रात्रीच्या अंधारात तीच वाट धोक्याची ठरते. पावसाळ्याआधी पायऱ्या घासून घ्याव्यात, एका बाजूला लोखंडी दांडा बसवावा, उंबरठ्यावर पांढऱ्या रंगाची पट्टी ओढावी आणि झिजलेल्या रबरी सपाता टाकून मागे पट्टा असलेली पादत्राणे आणावीत. या सगळ्याला फार खर्च येत नाही. मांडीचे हाड मोडल्यावर येणारा खर्च आणि त्या माणसाचे अंथरुणाला खिळणे मी वर्षानुवर्षे पाहत आले आहे.

व्यायामात सर्वांत उपयोगी म्हणजे खुर्चीवरून हातांचा आधार न घेता उठणे आणि सावकाश बसणे. सुरुवातीला पाच वेळा, मग दहा, दिवसातून दोनदा, आणि शेजारी कोणी उभे असावे. स्नायूंना त्यासाठी प्रथिने लागतात. वृद्धांसाठी शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिने सुचवली जातात, म्हणजे ५५ किलोच्या माणसाला साधारण ५५ ते ६६ ग्रॅम. मूत्रपिंडाचा विकार असेल तर हे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. दात गेले की आपल्याकडची वृद्ध माणसे सकाळी पेज, दुपारी आमटीभात आणि रात्री पुन्हा मऊ भात यावर येतात आणि त्यातून निम्मीही गरज भागत नाही. कुळथाची पिठी घट्ट करावी, अंडे द्यावे, मासे काटे काढून द्यावेत.

सुरंगीताईंनी मृदंग परत देण्याबद्दल लिहिले, त्याला माझा व्यावसायिक दुजोरा आहे. ठेका कानावर असला की पार्किन्सनच्या रुग्णांची पावले लांब आणि सारखी पडतात, हे आम्ही उपचारात रोज वापरतो. मोबाइलवरच्या टिकटिकीपेक्षा भजनाच्या टाळांचा ठेका आपल्या वडिलांना अधिक जवळचा वाटेल. कोणी टाळ धरावेत आणि त्यांनी त्या लयीत पडवीतून फेऱ्या घालाव्यात.

रेवदंडा

थोडक्यात लिहितो. माझ्या वडिलांचे उत्तर उशिरा येण्यामागे कान होते. अर्धे शब्द ऐकू आल्यावर उरलेले जुळवण्यात त्यांचा वेळ जात असे आणि आम्हाला वाटे की बुद्धी मंदावली. एका कानातला मळ काढला, दुसऱ्याला यंत्र बसवले आणि मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली, त्यानंतर ते पुन्हा वर्तमानपत्रावर वाद घालू लागले. स्मृतिभ्रंशाचे टाळता येण्याजोगे जे धोके ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये मोजले, त्या १४ मध्ये ऐकू न येणे आणि नीट न दिसणे ही दोन्ही आहेत. आपल्या वडिलांना शांत खोलीत, समोर बसून, चेहरा दिसेल असे विचारून पाहा, उत्तर लवकर येते का ते.

सुरंगी

एक राहून गेले. वडिलांचे मन कसे आहे, हे कोणी विचारले का? आमच्याकडे थायरॉइड निघाले हे खरे, पण आमच्या शेजारच्या काकांचे हातपाय असेच जड झाले होते आणि मूळ कारण काकू गेल्याचे दुःख होते. पहाटे तीनला जाग यायची, भूक गेली होती आणि काहीही विचारले तरी ‘माहीत नाही’ एवढेच ते म्हणत. उपचारांनी ते सुधारले. गावात कोणाजवळ बोलायला संकोच वाटत असेल तर मानसिक आरोग्याच्या मदतीसाठी टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, त्यावर मराठीतही बोलता येते.

खाडीकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. रविवारी गावी येऊन पोहोचलो, तेव्हापासूनचे लिहितो.

सोमवारी तालुक्याच्या डॉक्टरांसमोर सगळा डबा ठेवला. त्यांनी चक्करेची गोळी आणि पित्ताची कॅप्सूल दोन्ही थांबवल्या आणि पित्तासाठी लेव्होसल्पिराइड नसलेली साधी गोळी दिली. रक्तात सोडियम १३१ आले, म्हणून रक्तदाबाची गोळीही बदलली आहे आणि आठवड्याने पुन्हा तपासायचे आहे. टीएसएच ठीक आहे. बी १२चा अहवाल यायचा आहे. चित्रीकरण डॉक्टरांना दाखवले. त्यांच्या मते उजवा हात डाव्यापेक्षा किंचित आधी थकतो, त्यामुळे महिनाअखेरीस तज्ज्ञांकडे जायचेच असे त्यांनी लिहून दिले आहे.

पडवीत रेघा मारल्या आहेत. पहिल्या दिवशी चार मीटरला सात सेकंद लागले. आज, चौथ्या दिवशी, तेवढेच लागले. वडिलांनी स्वतःच कॅलेंडरवर आकडा लिहिला आणि पुढचा आकडा पंधरा दिवसांनी लिहायचा असे ठरवले. अक्षर बारीक आले आहे, ते त्यांच्याही लक्षात आले आणि त्यांनी तो आकडा खाली पुन्हा मोठा काढला.

मनाबद्दलही विचारले. बराच वेळ ते गप्प होते. मी आईला खुणेने थांबवले. मग ते म्हणाले की आरतीला मृदंग घेतला त्याचे वाईट वाटले नाही, कोणी काही बोलले नाही त्याचे वाटले. भावाला मी हे सांगितले. तो आज संध्याकाळी टाळ घेऊन येणार आहे.